भूक वाढवायची गोळी नाही, ताई

चिठ्ठीवर औषध एकच होतं. फ्लुओक्सेटीन २० मिलिग्रॅम. पहिला आठवडा एक कॅप्सूल, दुसऱ्या आठवड्यात दोन, मग रोज तीन, सकाळी नाश्त्यानंतर. खाली पोटॅशियमची तपासणी आणि ईसीजी लिहिलेला. चिठ्ठी घेऊन आलेल्या ताई पन्नाशीच्या. मी कपाटातून पाकीट काढेपर्यंत त्यांचे दोन प्रश्न विचारून झाले. पहिला, "भाऊ, ही डिप्रेशनची गोळी ना? आमची मुलगी तर हसती-बोलती आहे." दुसरा आवाज खाली आणून, "ह्याने तिची भूक वाढेल ना?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'तसं नाही' असंच होतं. पण मागे चार माणसं उभी असताना तेवढंच बोलून पाकीट हातात देणं बरं वाटेना. त्यांना बाजूच्या स्टुलावर बसवलं आणि गर्दी ओसरल्यावर बोललो. त्यांच्या मुलीला खाण्याचा विकार होता, आणि पुढे जे लिहिलंय ते त्याच बोलण्याचं लांबलेलं रूप आहे. (ताईंची ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय.) मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवतो. मी फार्मासिस्ट, डॉक्टर नव्हे. कुणाला कोणतं औषध, किती, हे ठरवणं माझं काम नाही. औषध काय करतं आणि काय करत नाही, एवढं सांगणं मात्र नक्की माझं काम आहे.

नाव एक, आजार वेगवेगळे

'ईटिंग डिसऑर्डर', म्हणजे खाण्याचा विकार, हा शब्द आता वर्तमानपत्रातून घरोघरी पोचलाय. पण हा एक आजार नाही, आजारांचं कुटुंब आहे. औषधांचा विचार करताना त्यातले तीन वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला नुसतं निरुपयोगीच नाही, कधीकधी घातकही असतं.

पहिला ॲनोरेक्सिया नर्व्होसा. खाणं इतकं कमी की शरीर खंगत जातं, तरी वजन वाढण्याची भीती सुटत नाही. आरशात दिसतं ते आणि मनाला पटतं ते यांचा मेळच बसत नाही. दुसरा बुलिमिया नर्व्होसा. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबवता येत नाही, आणि मग ते 'फेडण्यासाठी' उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या, कडकडीत उपास, नाहीतर अंग मोडेपर्यंत व्यायाम. या मुली-मुलांचं वजन बऱ्याचदा चारचौघांसारखंच असतं, म्हणून घरात वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. तिसरा बिंज ईटिंग डिसऑर्डर. तसंच बेभान खाणं, पण फेडण्याचा प्रकार नाही. मागे राहते ती शरम. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती २०१३मध्ये.

बुलिमियालाही नाव मिळालं ते उशिराच. १९७९मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल या डॉक्टरांनी तीस रुग्णांच्या अनुभवावरून त्याचं वर्णन केलं. ॲनोरेक्सिया मात्र जुना. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोघांनी १८७३मध्ये आपापल्या जागी त्याबद्दल लिहिलं. त्याच्याही आधी, १६८९मध्ये छापलेल्या क्षयरोगावरच्या पुस्तकात रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने अठरा वर्षांच्या एका मुलीची हकिगत दिली आहे. ना ताप, ना खोकला, ना फुप्फुसाचा काही रोग. तरी ती कातडं पांघरलेल्या हाडांसारखी झाली होती. मॉर्टनने तिला औषधं सुरू केली. काही दिवसांत ती औषधांना कंटाळली, निसर्गावर सोडा म्हणाली, आणि तीन महिन्यांनी गेली. तीनशेहून जास्त वर्षं झाली, पण औषधाच्या बाटलीकडे पाहून तोंड फिरवणारी ती मुलगी आजही आमच्या काउंटरच्या पलीकडे आईमागे उभी असते.

डिप्रेशनची गोळी, पण डिप्रेशनसाठी नाही

ताईंच्या मुलीला बुलिमिया होता. खाण्याच्या विकारांमध्ये औषधाचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे तो इथेच, आणि ते औषध म्हणजे फ्लुओक्सेटीन. अमेरिकेत १९८७ साली डिप्रेशनसाठी त्याला मंजुरी मिळाली, पुढच्या दशकात बुलिमियासाठीही. बुलिमियासाठी तिथल्या औषध प्रशासनाने मंजूर केलेलं औषध आजही हे एकच.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते रसायनांमधून. त्यांतलं एक सेरोटोनिन. निरोप पोचला की पाठवणारी पेशी ते रसायन परत ओढून घेते. फ्लुओक्सेटीन ही ओढ मंदावतं, त्यामुळे दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन जास्त वेळ रेंगाळतं. पोट भरल्याची जाणीव, मनाचा कल, एखादी गोष्ट करण्याची अनावर ऊर्मी, या सगळ्यांत सेरोटोनिनचा हात आहे. मात्र बुलिमियात नेमकं कुठलं बटण दाबलं जातं ते विज्ञानाला अजून पूर्ण उलगडलेलं नाही. फटीत रसायन लगेच वाढतं, गुण यायला आठवडे लागतात. म्हणजे मेंदू मधल्या काळात स्वतःची काहीतरी जुळवाजुळव करत असतो.

१९९२मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बुलिमिया असलेल्या ३८७ स्त्रियांचे तीन गट केले: एकाला रोज ६० मिलिग्रॅम फ्लुओक्सेटीन, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला औषध नसलेली दिखाऊ गोळी. आठ आठवड्यांनी पाहिलं, तर ६०च्या गटात बेभान खाण्याचे प्रसंग सुमारे ६७ टक्क्यांनी आणि उलट्या ५६ टक्क्यांनी घटल्या होत्या. दिखाऊ गोळीवर खाण्याचे प्रसंग ३३ टक्क्यांनी कमी झाले, उलट्या जेमतेम ५ टक्क्यांनी. २०चा गट मधेच कुठेतरी राहिला. म्हणजे डिप्रेशनला साधारण २०वर भागतं, बुलिमियाला ६० लागतात. 'तीन-तीन कॅप्सूल? डॉक्टरांनी चुकून लिहिलं का?' असं विचारत लोक परत येतात, म्हणून हा आकडा इतका रंगवून सांगतोय. चुकून लिहिलेलं नसतं. आणि काही जण स्वतःच्या मनाने एकच कॅप्सूल घेतात, 'जरा कमीच बरी' म्हणून, आणि महिन्याने म्हणतात की गुण नाही.

दुसरी गंमत अशी की उदास नसलेल्या रुग्णांनाही याचा तितकाच फायदा होतो. 'हसती-बोलती आहे' म्हणून गोळी चुकीची ठरत नाही. ॲस्पिरिन तापाला देतात आणि हृदयविकारातही देतात. पाकिटावरच्या नावावरून आजार ठरवायचा नसतो.

पण याच आकड्यांची दुसरी बाजू ताईंना सांगायला मी जरा अडखळलो. ६७ टक्के कमी झाले म्हणजे तिसरा हिस्सा उरलाच. नुसत्या गोळीवर हे प्रसंग पूर्ण थांबलेल्यांचं प्रमाण कमी असतं. बुलिमियावरचा मुख्य उपचार म्हणजे संज्ञानात्मक वर्तनोपचार, दवाखान्यात ज्याला सीबीटी म्हणतात. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी तो या आजारासाठी घडवला. त्याची सुरुवात मनाच्या खोल गाभ्यात शिरून होत नाही, वेळापत्रकाने होते. सकाळपासून ठरलेल्या वेळी जेवायचं, मधलं खाणं चुकवायचं नाही, काय खाल्लं आणि तेव्हा मनात काय होतं ते तिथल्या तिथे लिहायचं. कारण बेभान खाण्याच्या आधी बहुतेक वेळा दिवसभराची उपासमार असते. उपासमार, मग खाणं, मग उलटी, मग उद्या आणखी कडक उपास, असा हा रहाट फिरतो. गोळी त्याचा वेग कमी करते. रहाट थांबवण्याचं काम जेवणाच्या वेळा करतात.

आता एक अगदी दुकानदारी गोष्ट. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती गोळी पोटात राहिली का? बहुधा नाही. मी ताईंना विचारलं, दिवसातली कोणती वेळ बरी जाते? त्या म्हणाल्या, सकाळ. गडबड होते ती संध्याकाळी, घरात कुणी नसताना. म्हणजे डॉक्टरांनी 'सकाळी' लिहिलं ते विचारूनच लिहिलं होतं. हे औषध रात्री घेतलं तर काहींची झोपही उडते. सुरुवातीला मळमळ, डोकं जड, थोडी बेचैनी होते, ती बहुतेकांची दोन आठवड्यांत ओसरते. पण एक इशारा मी कधीच गाळत नाही: पंचविशीच्या आतल्यांमध्ये या गटातली औषधं सुरू करताना किंवा मात्रा बदलताना जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. मुलगी एकदम अस्वस्थ, चिडचिडी, झोप न येणारी झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. शिवाय पाळीत पोट दुखतं म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घरात असतातच; फ्लुओक्सेटीनसोबत ती वारंवार घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल हे जोरकस वेदनाशामक तर विचारल्याशिवाय नाहीच.

गुण किती दिवसांत कळतो? तिसऱ्या आठवड्यापर्यंत उलट्यांमध्ये काहीच फरक पडला नाही, तर पुढे पडण्याची शक्यता कमी, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणून डॉक्टर तीन-चार आठवड्यांनी बोलावतात ती तारीख टाळायची नाही. गुण आला तर औषध काही महिने, बऱ्याचदा वर्षभर चालतं. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद केलं की जुनं चक्र परत सुरू झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

जे द्यायचंच नाही

बुप्रोपियॉन नावाचं एक औषध आहे. डिप्रेशनसाठी देतात, सिगारेट सोडवायलाही देतात, आणि वजन वाढवत नाही म्हणून लोकांना आवडतं. कागदावर पाहिलं तर बुलिमियासाठी याहून सोयीचं काय? १९८०च्या दशकात तसा प्रयोग झाला. औषध घेतलेल्या ५५ जणींपैकी चौघींना फिट आली. हे प्रमाण अपेक्षेच्या कितीतरी पट होतं. वारंवार उलट्या आणि उपासमार यांनी शरीरातले क्षार ढळलेले असतात, त्याचाही त्यात वाटा असावा. तेव्हापासून ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया असलेल्यांना, किंवा पूर्वी होऊन गेलेल्यांनाही, हे औषध देऊ नये अशी स्पष्ट सूचना त्याच्या माहितीपत्रकात असते.

यातली अडचण कळली का? उलटी ही लपवायची गोष्ट असते. एखादा मुलगा सिगारेट सुटावी म्हणून डॉक्टरांकडे जातो, बुप्रोपियॉन लिहून घेतो, आणि संडासाचं दार लावून तो काय करतो हे डॉक्टरांना कुणीच सांगत नाही. मुलगा मुद्दाम म्हटलं. हे आजार पोरांनाही होतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. इथे गुपित सांभाळणं म्हणजे फिटला बोलावणं.

पोटॅशियमच्या तपासणीचंही तेच. उलट्यांनी आणि जुलाबांनी पोटॅशियम घसरतं, आणि घसरलेल्या पोटॅशियमवर हृदयाचे ठोके कधी बिघडतील सांगता येत नाही. काही मानसोपचाराची औषधंही हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करतात. दोन्ही एकत्र आलं की धोका वाढतो. म्हणून ईसीजी. 'मनाच्या आजाराला छातीची पट्टी कशाला काढायची' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो.

बिंज ईटिंग आणि एक उत्तेजक

बेभान खाण्याच्या विकारासाठी अमेरिकेत जानेवारी २०१५मध्ये लिसडेक्सॅम्फेटामीन मंजूर झालं. मुळात ते लक्ष एकाग्र न होणाऱ्या एडीएचडीचं औषध. याची रचना मोठी हुशार आहे: ॲम्फेटामीनला लायसिन नावाचं अमिनो आम्ल जोडलेलं असतं. तसं ते निष्क्रिय असतं. रक्तात गेल्यावर तांबड्या पेशी तो जोड तोडतात आणि औषध हळूहळू मोकळं होतं. चाचण्यांमध्ये आठवड्यातले बेभान खाण्याचे दिवस सरासरी चारच्या आसपास कमी झाले. दिखाऊ गोळीवर सव्वादोन-अडीच दिवस. नंतरच्या एका अभ्यासात, बरं वाटलेल्यांपैकी औषध चालू ठेवलेल्यांत पुढच्या २६ आठवड्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ३.७ टक्के होतं, दिखाऊ गोळीवर नेलेल्यांत ३२.१ टक्के.

आकडे चांगले आहेत. पण नाडी आणि रक्तदाब वाढतो, सवय लागण्याचा धोका आहे, आणि हे वजन कमी करायचं औषध नाही असं त्याच्या माहितीपत्रकातच बजावलेलं आहे. आपल्याकडे ॲम्फेटामीन अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. माझ्या दुकानात हे औषध मी कधी विकलेलं नाही. इथले डॉक्टर बहुधा सीबीटी आणि डिप्रेशनविरोधी औषधं यांवर भर देतात. टोपिरामेट हे फिटचं औषध बेभान खाणं कमी करतं, पण त्यावर शब्द आठवेनासे होतात, बोटांना मुंग्या येतात, आणि गर्भाला ते घातक असल्याने तरुण स्त्रियांना देताना फार जपावं लागतं.

आता वजनाची इंजेक्शनं. मार्च २०२५मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं, आणि तेव्हापासून विचारणा थांबत नाही. बिंज ईटिंगवर त्यांचा छोटा-मोठा अभ्यास चालू आहे, पण या विकारासाठी ती मंजूर नाहीत. ज्या औषधाने भूक मरते आणि मळमळ-उलटी होते, ते उपासमारीचा नि उलटीचा आजार असलेल्या माणसाच्या हातात पडलं तर काय होईल, हे समजायला फार्मसीची पदवी लागत नाही.

जिथे अन्न हेच औषध

ॲनोरेक्सियाकडे मी मुद्दाम शेवटी आलो, कारण इथे औषधवाल्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात कमी आहे आणि लोकांची अपेक्षा सगळ्यात जास्त. मनोविकारांमध्ये सर्वांत जीवघेण्या आजारांत याची गणना होते. आणि त्यासाठी मंजूर असं एकही औषध नाही.

आधी नावच फसवं. 'ॲनोरेक्सिया' म्हणजे भूक नसणं. प्रत्यक्षात भूक असते, बहुतेक वेळा प्रचंड असते. तिच्याशी रोजची झटापट चालू असते. म्हणून घरचे जे पहिलं औषध मागतात ते मुळात चुकीच्या प्रश्नाचं उत्तर असतं. "भाऊ, भुकेचं टॉनिक द्या" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. त्या बाटल्यांत बऱ्याचदा सायप्रोहेप्टाडीन असतं. मुळात ॲलर्जीचं औषध. झोप आणतं, भूक थोडी वाढवतं. ॲनोरेक्सियावरही त्याचा प्रयोग झाला आहे. १९८६च्या एका अभ्यासात रुग्णालयात दाखल असलेल्या ७२ जणींवर ते आणि ॲमिट्रिप्टिलीन हे डिप्रेशनचं जुनं औषध तपासलं. नुसतं खाणं कमी करणाऱ्यांना सायप्रोहेप्टाडीनचा थोडा उपयोग झाला, पण बेभान खाणं-उलटी असलेल्यांच्या उपचारात त्याने उलट अडथळाच आणला. एकाच आजाराच्या दोन रूपांत एकच औषध उलटसुलट वागलं. आणि आपण ते चमचाभर-चमचाभर अंदाजाने देतो.

दुसरं, पाळी बंद झाली म्हणून मुलीला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेतात, आणि कधी पाळी आणणाऱ्या गोळ्या सुरू होतात. महिन्याला रक्तस्राव होतो, घर निर्धास्त होतं. पण तो गोळ्यांनी आणलेला असतो, शरीर सावरल्याची खूण नसतो. हाडं पोखरण्याचं थांबावं म्हणूनही या गर्भनिरोधक गोळ्यांचा उपयोग झालेला नाही. किशोरवयीन मुलींमध्ये त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या पट्टीने हाडांची घनता सुधारल्याचं एका अभ्यासात दिसलं, पण तो तज्ज्ञांनी निवडून करायचा उपचार. हाडांसाठी आणि पाळीसाठी खरं काम करतं ते परत आलेलं वजन.

मग डिप्रेशनची औषधं? इथेच सगळ्यात मोठा धक्का आहे. बुलिमियात इतकं चालणारं फ्लुओक्सेटीन ॲनोरेक्सियात चालत नाही. वजन पूर्ववत झाल्यावर तरी आजार उलटू नये म्हणून उपयोगी पडेल, अशी आशा होती. न्यूयॉर्क आणि टोरांटोमध्ये ९३ रुग्णांवर वर्षभर पाहिलं; २००६मध्ये निकाल आला: दिखाऊ गोळीपेक्षा काही फरक नाही. खंगलेल्या अवस्थेत ते का चालत नाही याचं एक स्पष्टीकरण मला पटतं. सेरोटोनिन बनतं ट्रिप्टोफॅनपासून, आणि ट्रिप्टोफॅन येतं अन्नातूनच. विहिरीत पाणीच नसेल तर मोटारीचा एचपी वाढवून काय होणार? अर्थात हा अजून तर्कच आहे.

उपाशी मेंदू काय करतो ते कळायला १९४४-४५चा मिनेसोटाचा प्रयोग पाहावा. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना सावरायचं कसं हे शिकण्यासाठी ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. या पुरुषांना आधी कुठलाही खाण्याचा विकार नव्हता. काही महिन्यांत ते अन्नाशिवाय कशाचाच विचार करेनासे झाले. पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, जेवण तासन्‌तास लांबवू लागले, ताटं चाटू लागले. एकलकोंडे, चिडचिडे, उदास झाले. पुन्हा पोटभर जेवण सुरू झालं तेव्हा काही जण थांबताच येईना असं खाऊ लागले. ॲनोरेक्सियातली जी लक्षणं आपण 'स्वभाव' किंवा 'हट्ट' म्हणतो, त्यांतली बरीचशी निव्वळ उपासमारीची असतात. त्यांवर गोळी लागू पडत नाही याचं मग नवल उरत नाही.

पूर्वी डॉक्टरांनी जोर लावून पाहिला. १९६०च्या सुमारास लंडनमध्ये क्लोरप्रोमाझीन हे मानसोपचाराचं औषध आणि सोबत इन्सुलिन देऊन वजन झपाट्याने वाढवत. वजन वाढलं. पण काहींना फिट्स आल्या, दूरचा फायदा दिसला नाही, आणि पुढे बेभान खाणं सुरू झालेल्यांचं प्रमाण त्या गटात जास्त निघालं.

आज त्याच कुळातलं नवं औषध ओलांझापीन कमी मात्रेत वापरतात. २०१९मध्ये १५२ प्रौढ रुग्णांचा १६ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: वजन थोडं अधिक वेगाने वाढलं, पण आजाराच्या मानसिक लक्षणांत ठळक फरक पडला नाही. जेवणाआधीची भयंकर घालमेल, डोक्यातलं न थांबणारं गणित काहींचं त्याने निवतं, असं डॉक्टर सांगतात. पण रुग्णाच्या हातात माहितीपत्रक पडलं की पहिल्या ओळीत दिसतं 'वजन वाढते', आणि गोळी गॅलरीतल्या कुंडीत जाते. हे लपवून द्यायचं औषध नाही. भाजीत कालवून देऊ का, असं विचारणाऱ्या आईला मी नाहीच म्हणतो. एकदा कळलं की मुलगी त्या घरातलं काहीच खाणार नाही.

आणि फार खंगलेल्या माणसाला एकदम भरपेट खाऊ घालणंही जिवावर बेततं. उपाशी शरीराला अन्न मिळालं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत खेचलं जातं, हृदय अडखळतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये हे दिसलं होतं. म्हणून दवाखान्यात थायमिन (बी१ जीवनसत्त्व), फॉस्फेट, रोजचं रक्त आणि बेताबेताने वाढवलेलं जेवण. ॲनोरेक्सियात खरोखर जीव वाचवणारी औषधं बहुधा हीच. जाहिरात कुणाचीच होत नाही. किशोरवयात सगळ्यात चांगला पुरावा आहे तो कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचाराचा, ज्यात आईवडील काही महिने ताटाची सूत्रं हातात घेतात. गल यांनीही एकोणिसाव्या शतकात ठरावीक वेळाने खाऊ घालण्याचाच सल्ला दिला होता.

काउंटरच्या या बाजूने

जुलाबाच्या गोळ्यांचं बोलल्याशिवाय हे पुरं होत नाही, कारण त्या माझ्याच कपाटातून जातात. अन्नातली ऊर्जा लहान आतड्यात शोषली जाते. या गोळ्या काम करतात मोठ्या आतड्यात. बाहेर जातं ते पाणी आणि क्षार. काट्यावर दिसणारी घट दोन पेले पाण्याने भरून येते. पोटॅशियम मात्र जातं ते जातंच, आणि आतडी आळशी होतात ती वेगळीच. एकच मुलगी पंधरवड्यात तिसऱ्यांदा तेच पाकीट मागते तेव्हा मी देत नाही, आणि भाषणही देत नाही. 'पोटाचा त्रास फार दिवस दिसतोय, एकदा डॉक्टरांना दाखवूया का?' एवढंच. एक-दोघी परत आल्या. बाकीच्या पुढच्या दुकानात गेल्या असणार. ज्यांना डॉक्टरांकडे जायचा धीर होत नाही त्यांना १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा फुकट क्रमांक लिहून देतो; मराठीत बोलता येतं.

ताई महिन्याने परत आल्या. उलट्या थांबल्या नव्हत्या, पण आठवड्याचे चार-पाच दिवस कोरडे जात होते. मुलगी समुपदेशकांकडे जाऊ लागली होती, वही लिहीत होती, आईला दाखवत नव्हती. मी म्हटलं, दाखवायचीही नसते. कॅप्सूल मोजून पिशवीत घातल्या तरी त्या तिथेच उभ्या.

"पुढच्या आठवड्यात नवरात्र बसतंय. दरवर्षी आम्ही दोघी नऊ दिवस धरतो. गोळी उपाशीपोटी चालेल का?"

गोळीला काही होत नाही, म्हणालो. पण दिवसभर उपाशी राहिलं की संध्याकाळी काय होतं ते तुम्हीच मागच्या वेळी सांगितलंत. डॉक्टरांना विचारा, पण ते नाहीच म्हणतील. ताईंनी थोडा वेळ विचार केला.

"तिला एकटीला धरू नको म्हटलं तर ती ऐकायची नाही. मी धरते म्हणून ती धरते." मग पिशवी उचलून म्हणाल्या, "यंदा मीच धरत नाही. सासूबाईंना सांगते, डॉक्टरांनी मला नको म्हटलंय."